जुन्या यशिका इलेक्ट्रो ३५ या फिल्म कॅमेऱ्याचं शटर चिकटतंय, मागच्या दाराच्या खाचांतला प्रकाश अडवणारा फोमही वितळलाय. दुरुस्त करू की दुसरा घेऊ?

दुरुस्त करा. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. 'मित्र म्हणतोय, गंज काढायचा स्प्रे मार, लगेच सुटेल.' त्या मित्राला कॅमेऱ्यापासून चार हात लांब ठेवा.

माझ्याकडेही इलेक्ट्रो ३५च आहे, जीएसएन मॉडेल, वडिलांचा. एका गणपतीत आमच्या दाजींनी तो कपाटातून काढला. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, त्यामुळे जगातली कुठलीही अडलेली वस्तू स्प्रेनं सुटते अशी त्यांची श्रद्धा. मी 'अहो दाजी, नको' म्हणेपर्यंत लाल नळी लेन्सच्या रिंगेपाशी लावून फुस्स केलंसुद्धा. शटर खटाखट चालायला लागलं. सगळ्यांसमोर मला 'बघ!' झालं. दसऱ्याला रोल भरायला घेतला तर शटर पहिल्यापेक्षा घट्ट.

मुंबईच्या बोरा बाजारातल्या कॅमेरा मेकॅनिकनं कॅमेरा हातात घेतला, आधी नाकाला लावला आणि विचारलं, "स्प्रे कोणी मारला?" पुढची काच काढल्यावर मला दाखवलं: शटरच्या पाकळ्यांवर पेट्रोल सांडलेल्या डबक्यासारखे सप्तरंग, आणि तेलाचा थर मागच्या काचेपर्यंत. या पाकळ्या कोरड्याच चालायच्या असतात. पातळ पत्रे एकमेकांवर सरकतात, मध्ये तेल गेलं की चिकटून बसतात. वर धूळ बसली की झाला चिखल. त्यानं व्हाइट पेट्रोलनं पुन्हा पुन्हा धुऊन काढलं. बिल मी भरलं. दाजी अजून म्हणतात, "त्या दिवशी चालला होता की नाही?"

आता तुमचं. आधी बॅटरी बघा. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ अॅडॉप्टर लावून चालते. बॅटरी नसली तरी हे शटर पडतं, पण १/५०० सेकंदाच्या एकाच वेगानं, म्हणून घरातले फोटो काळेकुट्ट येतात आणि लोक शटरला दोष देतात. बॅटरीच्या खोबणीत पांढरं-हिरवं साचलं असेल तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा.

मग फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर सावकाश ओढा. शेवटाकडे आतून 'टक्' ऐकू यायला हवं. येत नसेल तर आतला रबराचा चिमुकला पॅड झिजलाय. या मॉडेलचा हा नेहमीचा आजार. तो बदलला की एक्स्पोजर ताळ्यावर येतं. पॅड शेंगदाण्याच्या भावाचा, पण उघडणाऱ्याचा हात बसलेला हवा.

फोमचं काम घरी करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, टूथपिक आणि भरपूर चिंध्या. ती काळी घाण बोटांना लागली की दोन दिवस जात नाही. खाचांत काळी लोकर बसवली तरी प्रकाश अडतो. मेकॅनिक फोमचे वेगळे पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

बुरशीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोकणात राहता म्हणून सांगतो: टॉर्च मारून लेन्समधून आरपार बघा. बुरशीनं कोटिंग खाल्लं असेल तर काच पुसूनही डाग राहतात, आणि तेव्हा मात्र दुसरा कॅमेरा घेतलेला बरा. हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं.

आणि हो, दाजींच्या हाती लागू देऊ नका, पण कॅनन एई-१ शटर दाबताना कण्हतो ना, त्यावरचा इलाज तेलच आहे. आरशाच्या यंत्रणेत, नेमक्या जागी, सुईच्या टोकावरून एक थेंब. स्प्रे तिथेही नाही.