फुलांचं कुंपण करताय? आधी ऊन बघा

नर्सरीत जाऊन फूल बघून झाड उचलू नका, सगळे नवीन लोक तेच करतात आणि मीही केलंय. आधी कुंपणाच्या जागी ऊन किती तास येतं ते बघा. पाच-सहा तास असेल तर जास्वंद, एक्झोरा, बोगनवेल काहीही चालेल, पण सावली जास्त असेल तर बोगनवेल नुसती पानं देते. अशा ठिकाणी कुंती किंवा तगर बरी. कुंतीचा वास तर काय सांगू, रात्री खिडकी उघडी ठेवावीशी वाटते.

कण्हेर काटक आहे, पाणी कमी लागतं, पण पूर्ण झाड विषारी, घरात लहान मुलं किंवा गुरं असतील तर नकोच.

दोन झाडांत दोनेक फूट अंतर ठेवा. आणि छाटणी! एक्झोराला फुलं फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी कात्री चालवली की कळ्याच जातात आणि मग लोक म्हणतात खत कमी पडलं. बहर संपला की छाटा, आणि खाली रुंद वर अरुंद असा आकार ठेवा, नाहीतर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि कुंपण बुडाशी उघडं पडतं. जास्वंदीवर पांढरा मावा (कापसासारखी दिसणारी कीड) दिसला तर लगेच पाण्याचा जोरात फवारा मारा.