बँडसॉ घरी बनवायचा, की सोनं ठेवून तयार आणायचा?

सांगली-तासगाव रस्त्यावर कवलापूरजवळ शेड असलेल्या एका सुतारकाम व्यावसायिकांचा प्रश्न आहे. खुर्चीच्या पाठी, सोफ्याचे हात, पाळण्याच्या कमानी असे वळणाचे तुकडे ते बाहेरून कापून आणतात. कापणावळीचे २,६०० आणि टेम्पोचे १,६०० असे महिन्याला ४,२०० रुपये जातात. १८ इंची तयार बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याची करवत, जीएसटीसह ७८,००० ला मिळतोय. स्वतः बनवला तर १९,००० त बसतो, अशी त्यांनी यादी पाठवली आहे. बँकेत १,१०,००० आहेत आणि घरखर्च महिना २०,००० आहे. घरातलं सोनं ठेवून ५०,००० उचलावेत आणि तयार मशीन घ्यावं, की स्वतः बनवावं?

बनवा. मात्र १९,००० त होतोय म्हणून बनवणार असाल तर थांबा, कारण तेवढ्यात तो होत नाही.

तुमच्या यादीत प्लायची चाकं, जुनी दीड एचपीची मोटर, पुली-बेल्ट, बेअरिंग ब्लॉक, एक पट्टा आणि बाभळीची फ्रेम आहे. लाकडी फ्रेमवर पहिली काट मारा. १२ मिमी रुंद, ०.५ मिमी जाड पट्टा नीट ताणला की वरच्या चाकाच्या शाफ्टवर साधारण १२० किलोची ओढ येते. त्या ओढीखाली लाकूड हळूहळू वाकतं, ताण उतरतो आणि पट्टा रेघ सोडून भटकतो. ७५ बाय ४० मिमीचं लोखंडी चॅनेल आणि वेल्डिंग यांना ३,५०० जादा धरा. कुपवाडला लेथवर शाफ्ट काढून घ्यायला २,०००, ओव्हरलोड रिले असलेला (जास्त भार आला की मोटर बंद करणारा) स्टार्टर १,८००, दोन्ही चाकांवर पत्र्याचं झाकण २,२००, पट्ट्याला रेघेत धरणारी गाईडची बेअरिंगं आणि ब्रॅकेट १,२००, दोन जादा पट्टे १,५००, वायरिंग-अर्थिंग ८००. हे झाले १३,०००. मोडतोडीला ३,००० ठेवले की आकडा ३५,००० वर जातो. हे माझे अंदाज आहेत, दुकानात भाव विचारून दुरुस्त करा. पण यातली एकही बाब वगळू नका.

आता तयार मशीनशी तुलना करू. पाच वर्षांनी तयार मशीनचे ३५,००० आले असं धरलं, तर ते तुम्हाला ४३,००० ला पडलं. घरच्या मशीनला गिऱ्हाईक मिळत नाही. मोटर आणि भंगार मिळून ५,००० आले तर ते ३०,००० ला पडलं. फरक राहिला १३,००० चा. त्यात तुमचे बारा दिवस मोडणार. दिवसाला ९०० कमाई धरली तर १०,८०० गेले, म्हणजे हाती उरले २,२००. एवढ्यासाठी कुणी वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेत नाही.

तरीही बनवा म्हणतो, त्याचं कारण तुमच्या बँकेच्या शिलकीत आहे. १,१०,००० पैकी ६०,००० हा तीन महिन्यांचा घरखर्च आहे, त्याला हात लावायचा नाही. उरले ५०,०००. त्यातून ३५,००० चं मशीन झालं की लाकूडखरेदीला १५,००० राहतात आणि सोनं कपाटात राहतं. वीज आणि पट्ट्यांचे महिना ९०० वजा केले तरी ४,२०० तले ३,३०० वाचतील, म्हणजे साधारण अकरा महिन्यांत पैसे फिटले. तयार मशीनला तेच दोन वर्षं लागतात. शिवाय ५०,००० च्या सोनेतारणावर १२ टक्क्यांनी वर्षाचं ६,००० व्याज जाईल. सोफ्याच्या ऑर्डरी सहा महिने मंदावल्या तर कोणता निर्णय गळ्याशी येईल, ते तुम्हीच ताडा.

बांधणी आषाढात काढा. लग्नसराई संपलेली असते, दिवाळीच्या ऑर्डरी यायच्या असतात, त्यामुळे ते १०,८०० जवळजवळ पूर्ण वाचतात. अडचण एवढीच की तुमचा वेळ स्वस्त असतो तेव्हाच हवा दमट असते. साधं प्लाय त्या हवेत फुगतं आणि चाकाची गोलाई जाते. म्हणून चाकांना १८ मिमीचं बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारं) प्लाय, आयएस ७१० शिक्का पाहूनच घ्या. चकत्या मे महिन्यातच चिकटवून, दोन्ही बाजूंनी आणि कडेला पॉलिश मारून ठेवा.

चाकावरच सगळं अवलंबून असल्यामुळे जरा तपशिलात सांगतो. ४०० मिमी व्यासाचं एक चाक म्हणजे दोन चकत्या, वरच्या थराचे रेषे एकमेकांना काटकोनात ठेवून चिकटवलेल्या. शाफ्ट २५ मिमीचा, बेअरिंग ब्लॉक यूसीपी २०५ नंबरचा. चाक बाहेर गोल करून आणू नका. ते शाफ्टवर पक्कं बसवा, पट्टा न चढवता फिरवा आणि टेकू लावून पटाशीने जागेवरच खरडा, म्हणजे शाफ्ट आणि चाक यांचा मध्य एकच राहतो. कडेला मधोमध मिलिमीटरभर फुगीरपणा ठेवा, पट्टा त्यावरच तग धरतो. वर सायकलची ट्यूब ताणून चढवा. बेल्ट काढून चाक मोकळं सोडा. दर वेळी तीच बाजू खाली येत असेल तर ती जड आहे, तिथे मागून भोक पाडून वजन कमी करा.

मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्यांची असेल तर मोटरवर ३ इंची आणि खालच्या चाकावर ६ इंची पुली लावा. चाक ७२० फेऱ्या करेल आणि पट्टा मिनिटाला सुमारे ९०० मीटर धावेल. लाकडाला एवढा वेग बरोबर आहे. वेग आणखी वाढवायच्या मोहात प्लायच्या चाकाचे थर सुटतात. चाकांच्या मध्यांतलं अंतर ९०० मिमी ठेवलंत तर पट्ट्याची लांबी ३,०५७ मिमी येते: अंतराची दुप्पट, अधिक चाकाचा एक परीघ. वरचं चाक स्प्रिंगवर सरकतं आणि मागच्या बोल्टने थोडं कलतं हवं. मात्र पट्टा मागवायची घाई करू नका. आधी चाकं बसवा, दोन्हींच्या तोंडांवरून दोरी ताणून ती एका पातळीत आहेत का बघा, मग प्रत्यक्ष माप घ्या. बहुतेक घरगुती मशीन इथेच चुकतात, आणि मालक पट्ट्याला शिव्या देत नवा पट्टा आणतो.

पट्टा ०.५ मिमीपेक्षा जाड घेऊ नका, ०.४ चा मिळाला तर उत्तम. जाड पट्टा ४०० मिमीच्या चाकावर फेरीगणिक वाकून सरळ होताना थकतो आणि सांध्यात तुटतो. महिन्याचे ९०० तिथे बघता बघता १,८०० होतात. तुमच्या तीन इंची लाकडाला इंचाला ४ दात पुरेत. १२ मिमीचा पट्टा अडीच इंच त्रिज्येपर्यंत वळतो, त्याहून आवळ वळणाला ६ मिमीचा लागेल.

फळ्या उभ्या चिरून पातळ करायचा विचार असेल तर मात्र हा सल्ला रद्द समजा. त्याला रुंद पट्टा, जास्त ताण आणि बिडाची चाकं लागतात. गोल ओंडके चिरायला लागलात तर ती आरागिरणी झाली, आणि त्याला वनविभागाचा परवाना लागतो. तुम्ही चिरलेलंच लाकूड वापरता, तरी त्यावर बँडसॉ चालवायला परवाना लागतो का, ते वनविभागात आधी विचारून घ्या आणि लाकडाच्या पावत्या जपून ठेवा.

वीज कमीच लागेल. आठवड्याला सहा तास चालवलं तर महिन्याला चाळीसेक युनिट. फक्त शेडचं कनेक्शन घरगुती मीटरवर असेल तर ते आधी बदला. तपासणीत सापडलं तर दुप्पट दराने आकारणी होते.

तयार मशीनचा मार्गही बंद करू नका. कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्ज, ५ टक्के व्याज, फेड १८ महिन्यांत. ७८,००० घेतलेत तर हप्ता सुमारे ४,५०० आणि एकूण व्याज ३,१०० च्या आसपास, म्हणजे सोनेतारणाच्या एका वर्षाच्या व्याजाच्या जवळपास निम्मं. मात्र मशीन चालवून वाचणारे ३,३०० हप्त्याला पुरत नाहीत, दरमहा १,२०० खिशातून जातील. नोंदणी सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात होते, पुढे ग्रामपंचायतीची पडताळणी, मग प्रशिक्षण, मग कर्ज. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि गेल्या पाच वर्षांतलं मुद्रा कर्ज बाकी असेल तर अडतं. त्यातलं १५,००० चं टूलकिट व्हाउचर हत्यारांसाठी आहे, त्यात बँडसॉ धरू नका. नोंदणी आजच करा. ज्येष्ठाच्या आत कर्ज मंजूर झालं आणि हातात सहा महिन्यांच्या ऑर्डरी असल्या तर तयार मशीन घ्या, नाहीतर चॅनेल कापायला घ्या.

घरच्या मशीनवर बँकेचं यंत्रकर्ज मागायला मात्र जाऊ नका. बँक कोटेशन मागते आणि ते तुम्हाला कुणी देणार नाही. शेडचा विमा असेल तर मशीनचा उल्लेख पॉलिसीत करून घ्या आणि बेअरिंगपासून वेल्डिंगपर्यंतची सगळी बिलं एका फाईलला लावा, नुकसानभरपाईच्या वेळी मशीनची किंमत त्यावरूनच पटवावी लागेल. जीएसटी नोंदणी नसल्याने ७८,००० तला ११,८९८ चा कर तुम्हाला परत मिळत नाही, तो खर्चच आहे.

वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतली असेलच. तिच्यात एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख मिळतात, बोट गेलं तर काही मिळत नाही. म्हणून बोटांचीही भरपाई आणि कामाविना गेलेले आठवडे धरणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी पट्टा पहिल्यांदा चालू करायच्या आधी घ्या. हप्ता त्या ३,००० च्या मोडतोडीतून गेला तरी चालेल. पत्र्याच्या झाकणाचे २,२०० मात्र दुसरीकडे वळवू नका.