‘बस ना’ म्हणजे बसू की नको?

कोथरूडच्या एका काकूंचा प्रश्न आहे. त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये हिंजवडीत नोकरी करणारी एक तेलुगू मुलगी भाड्यानं राहायला आली आहे. सोसायटीकडून ‘ना हरकत प्रमाणपत्र’ आणताना ती पहिला मराठी शब्द शिकली तो ‘ना’, म्हणजे नाही. पुढे एका संध्याकाळी डबा परत द्यायला आली तेव्हा काकू म्हणाल्या, ‘‘अगं, बस ना!’’ आणि ती दारातच उभी. काकू विचारतात, नकाराचा ‘ना’ आग्रहाचा कसा झाला? शब्द एकच की दोन? शिवाय त्यांचा नातू जपानी शिकतो. तो म्हणतो, जपानी लोकही वाक्याच्या शेवटी आपल्या ‘ना’सारखाच ‘ने’ लावतात. मग तो इथूनच तिकडे गेला असेल का?

त्या मुलीची अडचण काकूंना वाटते त्याहून मोठी आहे. तेलुगूत ‘ना’ म्हणजे ‘माझं’. ‘ना पेरु’ म्हणजे माझं नाव. म्हणजे घरचा एक ‘ना’, सोसायटीचा दुसरा, आणि काकूंचा तिसरा.

आधी मराठीतलेच ‘ना’ वेगळे करू. ‘ना धड इकडे ना धड तिकडे’, ‘ना नफा ना तोटा’ इथे तो नाकारायच्या गोष्टीच्या आधी येतो. ‘माझी काही ना नाही’ म्हणताना तर तो चक्क स्त्रीलिंगी नाम होतो, आणि त्याच्यावर पुन्हा ‘नाही’ बसून होकार तयार होतो. ‘येताना’, ‘मुलांना’ यांतला ‘ना’ प्रत्ययाचा तुकडा, तो आपल्या हिशेबात नाही.

खरी गंमत क्रियापदाच्या मागे आहे. ‘तो ऐकेना’ आणि ‘ऐक ना’. दोन्हीकडे ‘ना’ शेवटीच, पण एक हट्टी पोराबद्दल आहे आणि दुसरं त्याच पोराच्या विनवण्या करणारं. फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे अनेकवचन करून बघणे. ‘मुलं ऐकेनात.’ इथे ‘ना’ला ‘त’ लागला, जसा ‘नाही’चा ‘नाहीत’ होतो. म्हणजे हा क्रियापदात मुरलेला अस्सल नकार आहे. कोकणीत तर ‘ना’ एकट्यानंच ‘नाही’चं काम करतो आणि त्याचंही अनेकवचन ‘नात’च होतं. उलट ‘मुलांनो, ऐका ना!’ यात ‘ना’ जागचा हलत नाही. ‘ऐका नात’ असं कोणी म्हणत नाही.

या चिकटलेल्या नकाराचंही पुढे काय होतं बघा. ‘असेना का!’ म्हणजे असला तर असू दे. ‘येईना का बापडा!’ म्हणजे खुशाल येऊ दे. ‘उशिरा का होईना, आलास.’ अर्थ सगळा होकाराचा आणि शब्द नकाराचा. मला मराठीतली ही जागा फार आवडते. परवानगी देतानाही आपण आधी तोंड वाकडं करून घेतो.

आता ‘बस ना’. माझ्या मते हा ‘ना’ मूळचा नकारच आहे, प्रश्नाच्या वाटेनं मवाळ झालेला. ‘येतोस की नाही?’ हे आखडून ‘येतोस ना?’ होतं. उत्तर ‘हो’च हवं असतं, म्हणून नकाराची धार जाते आणि उरतो तो लकडा. तोच मग आज्ञार्थाला लागला: ये ना, दे ना, ‘आई, घे नाऽऽ’. ही खोड आपलीच नाही. पोर्तुगीज माणूस वाक्याच्या शेवटी ‘ने?’ म्हणतो, तो ‘नाही का’ या अर्थाच्या ‘नांव ए’चा संक्षेप. उत्तर जर्मनीतले लोकही बोलताना शेवटी असाच ‘ने?’ लावतात.

शेजारच्या भाषांनी हा गुंता आपापल्या परीनं सोडवलाय. गुजरातीनं सरळ दोन शब्द केले: नकाराला ‘ना’, आग्रहाला ‘ने’. ‘बेसो ने’ म्हटलं की बसायचं. बंगालीनं ‘ना’ एकच ठेवला आणि क्रियापदात फरक केला. ‘जाओ ना’ म्हणजे जा की, आणि ‘जेओ ना’ म्हणजे जाऊ नकोस. एका स्वरावर माणूस जातो किंवा राहतो.

‘न’ची जागा बदलली की अर्थ बदलतो, हे यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकारानं ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे. त्याच्या काळच्या बोलीत ‘न’ म्हणजे फक्त नकार, पण वेदात तो नकारही आणि ‘सारखा’ही. ज्याला नाकारायचं त्याच्या आधी येतो तो नकाराचा, ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो तो उपमेचा. ऋग्वेदात इंद्राला म्हटलंय, ‘गौरो न तृषितः पिब’. तहानलेल्या गव्यासारखा पी. नुसता नकार ठाऊक असलेला माणूस इथे इंद्राला तहानलेलाच परत पाठवेल.

राहिला नातवाचा प्रश्न. संस्कृत ‘न’, फारसी ‘न’, लॅटिन ‘ने’, रशियन ‘न्ये’ आणि इंग्रजी ‘नो’ ही एकाच कुळातली भावंडं आहेत, यात वाद नाही. पण जपानी त्या कुळातली नाही, आणि एवढ्याशा शब्दावरून सोयरीक जोडता येत नाही. जगात सात हजारांच्या आसपास भाषा आहेत. ‘न’ आणि ‘आ’ हे तान्ह्या मुलालाही जमणारे आवाज. ते जागोजागी जुळणारच. कोरियनमध्ये ‘ना’ म्हणजे मी. स्वाहिलीत ‘ना’ म्हणजे आणि. रशियनमध्ये ‘ना’ म्हणजे वर, आणि हातात काही देताना नुसतं ‘ना!’ म्हटलं की ‘घे’. म्हणजे आपल्याच कुळातल्या भाषेत ‘ना’ घ्यायला सांगतो! ग्रीक लोकांनी तर कमाल केली आहे: त्यांचा ‘ने’ म्हणजे हो.

नातवाला उलट हे विचारा: जपानीत ‘ताबेरु ना’ म्हणजे काय? खाऊ नकोस. आणि ‘ताबेना’? खा. सिंहगड रस्त्यावरच्या जपानी धाटणीच्या पु. ल. देशपांडे उद्यानात कोणी जपानी पाहुणा भेटला आणि भेळ पुढे करताना हे दोन उलटसुलट झाले, तर भेळ आपल्यालाच संपवावी लागेल.

त्या मुलीला इतकं सगळं सांगायची गरज नाही. ‘ना’ सुटा ऐकू आला आणि लांबला, की बसायचं. तोच आखूड आणि खटक्यात आला, ‘सांगितलं ना एकदा!’ असा, तर उभीच राहिलेली बरी.