शून्य विसरू नका

प्रश्न: सी प्रोग्रॅममध्ये ओपन() ला ओ_क्रिएटसोबत (O_CREAT, नवी फाइल तयार करायला सांगणारा पर्याय) ६४४ परवानगी दिली. फाइल तयार झाली, लिहिलंही गेलं. पण आता मलाच ती वाचता येत नाही. असं का?

उत्तर: आकड्याआधीचं शून्य राहिलंय. ०६४४ हा अष्टमान (आठच्या पायाचा) आकडा. नुसता ६४४ दशमान (नेहमीचा, दहाच्या पायाचा). दशमान ६४४ म्हणजे अष्टमान १२०४. त्यातला २ मालकाचा: फक्त लिहिणं. गटाला ० आणि परक्यांना मात्र ४, म्हणजे वाचन! मला ही चूक फार धोकादायक वाटते, कारण कंपायलर सहसा अवाक्षरही काढत नाही. आता त्या फाइलवर चमोड (chmod, परवानगी बदलणारी आज्ञा) ६४४ चालवा. तिथे आकडा अष्टमानच धरतात. फाइलमध्ये पासवर्डसारखं काही असेल तर कोडमध्ये थेट ०६००च (फक्त मालकाला वाचन आणि लेखन) लिहा. आणि ०६६६ देऊन ०६४४ दिसलं तर घाबरू नका, ०२२ युमास्कने (umask, नव्या फाइलच्या परवानग्या कमी करणारी सेटिंग) गटाचे आणि परक्यांचे लिहिण्याचे बिट काढलेले असतात.