लाकडी कोर्टावर पदवीदान

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या इनडोअर हॉलमध्ये मेपलचं लाकडी कोर्ट आहे. पदवीदानाला तिथेच 600 खुर्च्या लागतात. मांडववाले गालिचा अंथरतात, तरी ओरखडे पडतातच. शिवाय जुलैत काही फळ्यांच्या कडा वर आल्या. त्या घासून सपाट कराव्यात का?
– एक क्रीडाशिक्षक, पुणे

उत्तर : आत्ता मुळीच घासू नका. फळीने खालून ओल धरली की खालची बाजू फुगते आणि कडा उचलतात. त्या आज घासल्या, तर दिवाळीनंतर फळी सुकल्यावर मधोमध फुगवटा राहील. आधी ओल कुठून येते ते शोधा. भिंतीलगतची पट्टी काढून पाहा. तिथे लाकडाला फुगायला फट सोडलेली असते. रंगकामवाल्यांनी ती सिमेंटने नाहीतर सिलिकॉनने बुजवलेली असू शकते. मेपलला 35 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. पुण्यात जुलैत ती 80च्या आसपास असते, एप्रिलच्या दुपारी 30च्याही खाली जाते. तेव्हा 'हवा खेळू दे' म्हणत भर पावसात खिडक्या उघडणं म्हणजे उलटा उपाय. खिडक्या लावून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, चालवा. ओला पोछा तर हॉलच्या दाराबाहेरच राहू दे.

ओरखड्यांचं खापर खुर्च्यांवर फुटतं, पण बरेचदा काम गालिच्याखालच्या वाळूचं असतं. ती पॉलिश पेपरसारखी घासते. आधी रुंद, कोरडा मायक्रोफायबर मॉप फिरवा. मग जाड व्हिनाइलच्या पट्ट्या एकमेकींवर 10 सेंटिमीटर चढवून अंथरा. चिकटपट्टी फक्त पट्टीला पट्टी जोडायला. लाकडावर लावलीत तर काढताना लॅकर, म्हणजे लाकडावरचा चकचकीत थर, सोलून येतं. स्टेजच्या प्रत्येक पायाखाली फूटभर चौकोनी, 18 मिलिमीटरचा प्लायवूड हवाच. लोखंडी पाइपचा गोल ठसा एकदा उमटला की पॉलिशने जात नाही. कार्यक्रम आटोपला की त्याच रात्री पट्ट्या गुंडाळा, सांडलेला चहा खाली मुरत बसतो. मांडववाले 'सकाळी येतो' म्हणतील. करारातच वेळ लिहून घ्या.

प्रश्न : बास्केटबॉल कोर्टाच्या जागेत बॅडमिंटनची चार कोर्टं बसतील का?

उत्तर : तीनच आखा. 28 बाय 15 मीटरचं कोर्ट आणि भोवती 2 मीटर मोकळे, म्हणजे जागा 32 बाय 19. बॅडमिंटनचं कोर्ट 13.40 बाय 6.10. आडवी चार मांडून मध्ये 2 मीटर सोडले, तर 30.40 मीटर संपतात आणि कडेच्या खेळाडूला भिंतीपर्यंत जेमतेम 80 सेंटिमीटर उरतात.