आजोबांना समोर बसवून ऑइल पोर्ट्रेट करतोय, पण ते हलतात अन् चेहऱ्याचे रंग मळतात, काय करावं?

हलणारच हो, वयस्कर माणूस आहे. 20-25 मिनिटं झाली की 5 मिनिटं ब्रेक द्या, चहा द्या, पण उठायच्या आधी खुर्चीच्या पायांभोवती अन् त्यांच्या पावलांभोवती खडूनं खुणा करा, नजर कुठं ठेवायची तेपण भिंतीवर ठरवून द्या, म्हणजे परत बसले की पोज जवळपास तीच येते.

रंग मळायचं कारण बहुतेक हे की पहिल्याच दिवशी व्हाइट घालून घोटत बसतो आपण. पहिल्या बैठकीत फक्त बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमधे, म्हणजे ऑइल रंग पातळ करायच्या द्रवात, पातळ करून सावल्यांचे मोठे आकार लावा, डोळे बारीक करून बघा, सुरकुत्या नंतर. अंबर लवकर वाळतो. रंगात मिसळायचं तेल वरच्या थरात वाढवा, खालीच जास्त झालं तर पुढं भेगा पडतात.

अन् ट्यूबमधला तयार गुलाबी फ्लेश टिंट (त्वचेचा म्हणून विकतात तो रंग) कृपा करून नका वापरू, आपल्या मराठवाड्याच्या उन्हात रापलेला चेहरा तसा नसतोच. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), जरासं व्हाइट, एवढ्यात भागतं. आजोबा पटका बांधत असतील तर तो काढायला लावून एकदा बघा, झाकलेलं कपाळ उजळ अन् गाल-नाक तांबूस, तो फरक पकडला की ओळख पटते. पटका पांढरा असला तरी सावलीत तो चांगलाच राखाडी दिसतो, तिथं नुसतं व्हाइट फासू नका.

उजेड उत्तरेच्या खिडकीचा घ्या, पण मे-जूनमधे सकाळी तिथूनपण ऊन तिरपं आत येतं, तेव्हा पांढरं धोतर आडवं लावा. टर्पेंटाइनचा वास कोंडू देऊ नका.