रविवारी पाहिलेलं घर

"मॅडम, एवढंच सांगा, पोरासाठी काय चांगलं? लालबाग की बदलापूर?"

खुर्चीत नीट टेकायच्या आतच आईने विचारलं. बाबा शेजारी बसले होते, पण तोंड खिडकीकडे. म्हणजे घरून निघाल्यापासून लोकलमध्ये हेच चाललं असणार.

मी मुलांची समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येतो. गावांची नावं तेवढी बदलतात: कधी परळ की पनवेल, कधी गिरगाव की विरार. येणारच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची, लोकसंख्या अडीच लाखांनी घटली आणि त्याच काळात कुळगाव-बदलापूर ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांच्या जवळ गेलं. त्या आकड्यांतल्या कितीतरी घरांत रात्री पोर झोपल्यावर हेच बोलणं झालं असेल. म्हणून ही एक केस सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर १८० चौरस फुटांची खोली. आई-बाबा, आजी आणि दुसरीतला मुलगा. आईची नोकरी परळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, बाबांची फोर्टात. बदलापूरला सातव्या मजल्यावर टू बीएचके बघून ठेवलेला, टोकन द्यायचं बाकी. नणंदेचं घर त्याच कॉम्प्लेक्समध्ये. तिच्या मुलाला स्वतःची खोली आहे, छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या चिकटवल्या आहेत. आई त्या चांदण्यांबद्दल दोनदा बोलली. "आमचा अजून आमच्या दोघांच्या मध्ये झोपतो. अभ्यासाला बसला की पलीकडच्यांची सिरीयल. खुराड्यात वाढवतोय आम्ही त्याला."

बाबांचं म्हणणं उलट. "चाळीत पोराला कधी एकटं वाटत नाही. दहा दारं उघडी असतात. तिकडे फ्लॅटचं दार लागलं की लागलं."

दोघांनाही मी त्यांच्या लहानपणाचं घर विचारलं. आई संगमेश्वरकडची: अंगण, पडवी, मागे फणस. बाबा याच खोलीत वाढलेले. वडील गिरणीत, १९८२च्या संपात घरी बसले, तेव्हा त्यांच्या आईने, म्हणजे आजींनी, खाणावळ चालवून घर ओढलं आणि चाळीने सांभाळून घेतलं. म्हणजे दोघंही आपापलं बालपण पोराला द्यायला निघाले होते, आणि दुसऱ्याचं बालपण त्याच्या वाट्याला येईल म्हणून घाबरले होते. हे मी त्यांना बोलून दाखवलं, तेव्हा बाबा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

इथे माझीही एक गोष्ट कबूल करते. माझा कल पटकन बाबांकडे झुकला होता. मी स्वतः दादरच्या चाळीतून ठाण्यात आले, आणि गॅलरीचा विषय निघाला की हळवी होते. पण चाळीच्या आठवणी काढणारे आपण बहुतेक जण चाळ सोडलेले असतो. सार्वजनिक संडासापुढे सकाळी डबा घेऊन उभं राहावं लागत नाही आता आपल्याला, पातळ भिंतीपलीकडची रात्रीची भांडणं पोराने ऐकू नयेत म्हणून टीव्ही मोठा करावा लागत नाही. आईची तक्रार खरी होती. सात वर्षांच्या मुलाला रोज अकरापर्यंत जागं राहावं लागतं, कारण तोवर खोलीतला दिवाच बंद होत नाही, ही साधी गोष्ट नाही.

मी त्यांना चौकटीच्या वहीचं एक पान दिलं. वर लिहिलं, मंगळवार. "पोराचा दिवस भरा. घरात तुमच्यापैकी कोणी आहे आणि पोरगा जागा आहे, ते तास पिवळे. पोरगा कुणी सोबत नसताना स्वतः खाली-वर जाऊ शकतो, ते निळे. आधी लालबाग. मग पान उलटून बदलापूर."

लालबागचं पान पाच मिनिटांत झालं. सकाळी एक तास, मग शाळा, तीही चालत पाच मिनिटांवर. आई सहाला घरी, बाबा साडेसातला. पोरगा अकराला झोपतो, म्हणजे पिवळे तास सहा. निळे दोन: गॅलरी, चौक आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दही आणणं.

बदलापूरच्या पानावर पेन अडखळलं. दादर-बदलापूर फास्ट लोकल सव्वा तासाच्या आसपास, तीही वेळेवर असली तर. अलीकडे शेअर रिक्षा, पलीकडे चालणं. गाडीत तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तर नशीब. आईने सकाळचा तास पिवळा केला आणि मग खोडला. त्या वेळी ती स्टेशनवर असणार. संध्याकाळी ती आठला घरी, बाबा पावणेनऊला. शाळेची बस सकाळी लवकर, म्हणून पोरगा साडेनऊला झोपायलाच हवा. पिवळा दीड तास. त्यातच जेवण, वही, उद्याचं दप्तर.

निळे तास मात्र बदलापूरला जास्त निघाले. कॉम्प्लेक्समध्ये सायकल चालवता येते, बाग आहे, गाड्या आत जोरात येत नाहीत. हे बाबांना लिहावं लागलं आणि त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

"आणि दुपारी साडेबारापासून रात्री आठपर्यंत कोण?" मी विचारलं.

"आजी आहेत ना," दोघं एकदम म्हणाले.

पुढच्या वेळी मी मुलाला एकट्याला भेटले. त्याला घर बदलण्याबद्दल काय वाटतं असं विचारलं नाही. सात वर्षांचं मूल त्या प्रश्नाला आपल्याला आवडेल ते उत्तर देतं. ठोकळे दिले, म्हटलं घर कर. त्याने उंच मनोरा रचला. गाडी लावली, सायकल म्हणून पेनाचं टोपण लावलं. मग एक पिवळा ठोकळा हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसला. "आजीचं स्टूल कुठे ठेवायचं?"

चाळीत आजी दुपारी चारपासून गॅलरीत स्टुलावर बसते. तिथून चौक दिसतो. नातू खाली खेळतो, ती तांदूळ निवडते, आणि दर थोड्या वेळाने हाक मारते. तोही वर न बघता "आहेऽ" म्हणतो. एवढ्यावर त्या घराची अख्खी दुपार उभी होती. ज्यांच्या भरवशावर बदलापूरचा बेत होता, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या वेळी आजी आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. "बाई, मला कोण विचारतंय? फ्लॅट बघायला रविवारी नेलं. खिडकीतून डोंगर दाखवला, चंदेरी का काय ते. छान आहे. पण सातव्या माळ्यावरून मी हाक मारली तर पोराला ऐकू जाईल का? आणि लिफ्ट बंद पडली तर हे गुडघे घेऊन मी खाली कशी जाऊ?"

सूनबाई गप्प झाल्या. आजींनीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी येणार नाही असं म्हणत नाहीये गं."

मी त्यांना लालबाग-बदलापूरचं उत्तर दिलं नाही. एकच सुचवलं. लोक घर बघायला रविवारी जातात. रविवारी गाडीत बसायला जागा असते, कॉम्प्लेक्स भरलेलं असतं, सगळे जागे आणि खुशीत असतात. मे महिन्याची सुट्टी होती, नणंदेकडे तीन आठवडे राहा आणि दोघंही तिथूनच कामाला जा. मंगळवारी रात्री आठला स्टेशनवरून घरी पोचून बघा. टोकन तोवर थांबवा.

चौथ्या दिवशी बाबांचा मेसेज आला: "आज पोरगा झोपल्यावर घरी पोचलो. पायात चप्पल तशीच." आईचा निरोप वेगळा होता. पोरगा रोज तीन तास सायकलवर होता, रात्री न कुरकुरता झोपत होता, आणि भाच्याच्या खोलीत चांदण्यांखाली एकटं झोपायला मात्र तयार नव्हता.

मग हिशेब नव्याने मांडला गेला. आईने लॅबच्या ठाण्याच्या शाखेत बदली मागितली. थोडं थांबावं लागलं, पण मिळाली. बदलापूरच्या टू बीएचकेऐवजी डोंबिवलीत भाड्याने वन बीएचके घेतला, मुद्दाम पहिल्या मजल्यावर. डोंबिवली-ठाणे अर्धा तास, आई साडेसहाला घरी. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. मी पालकांना ते सरकारी कलम म्हणून सांगत नाही, पोराचा वेळ आणि पाय वाचवणारं अंतर म्हणून सांगते. त्यांनी तशीच चालत जाण्याजोगी शाळा शोधली. बाबांचा प्रवास वाढलाच. तो कुठल्याच रंगात बसला नाही. त्यांनी तो स्वीकारला, पण खुशीने स्वीकारला असं मी लिहिणार नाही.

जूनमध्ये तिसरीत नवी शाळा. पहिल्या पंधरवड्यात त्याने दोनदा अंथरूण ओलं केलं, आणि आई रडत फोनवर होती. घर बदलल्यावर या वयात असं होऊ शकतं. रागवू नका, चादर त्याच्यासमोर चारचौघांत वाळत घालू नका, आणि महिन्याभरात थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवून माझ्याकडे या, असं सांगितलं. यावं लागलं नाही. ऑगस्टपर्यंत तो "आमच्या चाळीत" असं म्हणत वर्गात गोष्टी सांगायला लागला होता. गणपतीत चार दिवस लालबागला राहिला आणि परत येताना रडला. दोन्ही गोष्टी मला ठीक वाटल्या.

परवा आई सहज भेटायला आली. निघताना हसत म्हणाली, सोसायटीच्या सेक्रेटरींनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंय की कोणीही बाल्कनीतून मोठमोठ्याने हाका मारू नयेत, इतर सभासदांना त्रास होतो. आजींचा फोन साधा, बटणांचा. त्यांच्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.